एका रात्रीत लाखो अलर्ट: अल्पजीवी खगोलीय घटनांचं वर्गीकरण आणि मशीन लर्निंग

मृगशीर्ष (धागाकर्ता)

इथे खगोलशास्त्रावर बरेच धागे आहेत, डेटा सायन्सवरही आहेत. पण हे दोन विषय जिथे एकत्र येतात त्यावर फारसं बोलणं झालेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

श्वेतबटूचा स्फोट होतो, मोठा तारा स्वतःच्याच वजनाने कोसळतो, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, एखादा तारा महाकाय कृष्णविवराच्या फार जवळ जाऊन फाटतो. दर वेळी आकाशात एक नवा ठिपका उजळतो आणि काही तासांत, दिवसांत किंवा महिन्यांत मावळतो. या सगळ्यांना सरसकट ट्रान्झियंट म्हणतात. पूर्वी असा ठिपका सापडणं हीच मोठी बातमी असायची. आता सापडणं सोपं झालंय, निवडणं अवघड झालंय.

पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची दुर्बिणीवर २०१८ पासून झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी (पुढे झेडटीएफ म्हणतो) चालू आहे. तिच्या एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश येतं, म्हणजे दोनशेहून जास्त पूर्णचंद्र मावतील एवढं. चांगल्या रात्री ती काही लाख अलर्ट, म्हणजे 'इथे काहीतरी बदललं' अशा आपोआप सूचना, पाठवते. चिलीत सेरो पाचोनवर उभ्या असलेल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचे पहिले फोटो जून २०२५ मध्ये जाहीर झाले. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि पूर्ण क्षमतेने चालल्यावर रात्रीला सुमारे एक कोटी अलर्ट अपेक्षित आहेत, तेही फोटो काढल्यापासून काही मिनिटांत.

अलर्ट तयार होतो तो वजाबाकीतून. आकाशाच्या त्याच भागाचा जुना, चांगला फोटो आजच्या फोटोतून वजा करायचा. जे उरलं ते बदललं. झेडटीएफच्या प्रत्येक अलर्टसोबत ६३ बाय ६३ पिक्सेलचे तीन छोटे तुकडे येतात: आजचा, जुना आणि वजाबाकीचा. पहिल्या तुकड्यात एक धूसर दीर्घिका आणि तिच्या कडेला बारीक ठिपका, दुसऱ्यात नुसती दीर्घिका, तिसऱ्यात फक्त ठिपका, असं दिसलं की उत्सुकता वाढते. पण बहुतेक वेळा तिसऱ्या तुकड्यात असतं ते वेगळंच: अर्धा काळा अर्धा पांढरा डाग (दोन फोटो नीट जुळले नाहीत), वैश्विक किरणाचा ओरखडा, उपग्रहाची रेघ, तेजस्वी ताऱ्याभोवतीचा कचरा. खरा बदल असला तरी तो लघुग्रह असू शकतो, एखादा रूपविकारी तारा असू शकतो, किंवा दीर्घिकेच्या केंद्रातलं कृष्णविवर नेहमीसारखं लुकलुकत असू शकतं.

आता मूळ अडचण. घटना कोणत्या जातीची हे ठामपणे सांगतो तो वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांत केलेली फोड. त्यासाठी दुसऱ्या दुर्बिणीचा वेळ लागतो, आणि तो वेळ मोजका असतो. आजसुद्धा नोंद झालेल्या ट्रान्झियंटपैकी साधारण दहातल्या एकाचाच वर्णपट घेतला जातो. रुबिननंतर हे प्रमाण आणखी घसरणार. म्हणजे वर्गीकरण करायचं ते मुख्यतः फोटो आणि तेजाच्या चढउतारावरून, आणि लवकर करायचं, कारण घटना थांबत नाही.

माझं मत आधीच सांगून ठेवतो म्हणजे चर्चेला बरं पडेल: या क्षेत्रात खरी अडचण मॉडेलची नाही, लेबलांची (मॉडेलला शिकवायला लागणाऱ्या, जात आधीच ठरलेल्या उदाहरणांची) आहे. आपण मशीनला जे आकाश शिकवतो ते खऱ्या आकाशाचा प्रातिनिधिक नमुना नसतंच.

चित्रा

छान धागा, वाचनखूण साठवली. एक प्राथमिक प्रश्न. नुसत्या तेजाच्या आलेखावरून जात कशी काय कळते? मला तर सगळेच आलेख वर जाऊन खाली येणारे वाटतात.

मृगशीर्ष

@चित्रा, प्राथमिक नाही, हाच मधला प्रश्न आहे.

वर कसा जातो आणि खाली कसा येतो यात फरक असतो, आणि त्याच्यामागे भौतिकशास्त्र असतं. Ia प्रकारचा अतिनवतारा (सुपरनोव्हा) म्हणजे श्वेतबटूचा अणुस्फोट. त्यात निकेल-५६ मोठ्या प्रमाणात तयार होतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे ६ दिवस, त्यातून होणाऱ्या कोबाल्ट-५६ चा सुमारे ७७ दिवस. ही किरणोत्सारी ऊर्जाच त्याला पेटतं ठेवते. म्हणून तो अडीच-तीन आठवड्यांत शिखरावर पोचतो, आधी भरभर उतरतो, मग संथपणे. मोठा तारा कोसळून होणाऱ्या II-P प्रकारात बाहेर हायड्रोजनचं जाड आवरण असतं. ते हळूहळू थंड होत जातं, त्यामुळे तेज जवळपास शंभर दिवस एका पातळीवर टिकतं आणि मग एकदम पडतं. आपल्याच आकाशगंगेतला बटू नोव्हा एखाद्या दिवसात उसळी घेतो, विझतो, आणि काही काळाने पुन्हा तेच करतो. लाल बटू ताऱ्यावरचा भडका मिनिटांत किंवा तासांत संपतो. किलोनोव्हा (दोन न्यूट्रॉन तारे आदळल्यावरची चमक) तर काही दिवसांत निळ्याचा लाल होऊन दिसेनासा होतो. १७ ऑगस्ट २०१७ ला गुरुत्वीय लहरींसोबत सापडलेला एनजीसी ४९९३ मधला किलोनोव्हा तसाच वागला.

म्हणून रंग महत्त्वाचा. रुबिन सहा फिल्टरमधून बघते. एका फिल्टरमध्ये सारखे वाटणारे दोन आलेख दुसऱ्या फिल्टरमध्ये पार वेगळे निघतात.

शततारका

यात एक भर घालते. पुस्तकातला आलेख म्हणजे सलग रेघ असते. प्रत्यक्ष डेटा तसा नसतो. ढग येतात, चांदणं येतं, दुर्बीण दुसरीकडे वळलेली असते, आणि एकाच रात्री सगळे फिल्टर मिळत नाहीत. हातात येतं ते असं: हिरव्यात दोन बिंदू, चार दिवसांनी लालमध्ये एक, मग आठवडाभर काहीच नाही, मग पुन्हा एक, तोही मोठ्या त्रुटीसह. यावरून Ia आहे की Ib/c (हायड्रोजनचं आवरण गमावलेला मोठा तारा कोसळून होणारा अतिनवतारा) हे सांगायचं असतं. चढत्या बाजूचे दोनच बिंदू असतील तर अनुभवी माणूसही छातीठोकपणे सांगणार नाही.

गणकयंत्र

मी खगोलवाला नाही, मॉडेल्सवर काम करतो. मला वाटतं तुम्ही अडचण वाढवून सांगताय. खरं-खोटं ओळखण्याचं काम तर केव्हाच सुटलंय ना? साध्या कन्व्होल्यूशनल नेटवर्कने (प्रतिमा ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कने) ९८-९९ टक्के अचूकता मिळते असं सगळीकडे वाचायला मिळतं. आणि २०२५ मधल्या एका शोधनिबंधात तर गूगलच्या जेमिनी या सर्वसाधारण मॉडेलला प्रत्येक सर्वेक्षणातली फक्त १५ उदाहरणं दाखवून सुमारे ९३ टक्के अचूकता मिळाली. वर मॉडेल कारणही शब्दांत सांगत होतं. वेगळं ट्रेनिंगसुद्धा नाही. आणखी काय हवं?

मृगशीर्ष

@गणकयंत्र, तुम्ही आलात ते बरं झालं, कारण हा मुद्दा नीट बोलायलाच हवा.

समजा एक लाख उमेदवार आहेत आणि त्यात खरोखर रस घेण्यासारखे शंभर. मॉडेल दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक धरा. शंभरातले ९९ पकडले. पण उरलेल्या ९९,९०० पैकी एक टक्का, म्हणजे ९९९, चुकून आत आले. यादीत जवळपास अकराशे नावं, त्यात कामाची ९९. म्हणजे ९९ टक्के अचूक मॉडेलने दिलेल्या यादीतल्या दर अकरा नावांमागे दहा फुकट. मोठ्या दुर्बिणीचा अर्धा-पाऊण तास एकेका नावावर खर्च होणार असेल तर ही यादी कुणी वापरणार नाही. एक कोटी अलर्टला हेच गणित करून बघा. दुर्मीळ गोष्ट शोधताना सरसकट अचूकता हा आकडा काहीच सांगत नाही. किती पकडले आणि पकडलेल्यांत किती खरे, हे दोन वेगवेगळे बघावे लागतात, तेही प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र.

जेमिनीचा निबंध मलाही महत्त्वाचा वाटतो, विशेषतः कारण सांगण्याचा भाग. पण तिथे विचारलेला प्रश्न असा होता की ठिपका खरा आहे की फोटोतला दोष. त्याचं उत्तर त्या फोटोतच असतं. हा Ia आहे की Ib/c, याचं उत्तर एका फोटोत नसतं. कुणाचाही मेंदू लावला तरी नसतं.

गणकयंत्र

बेस रेटचा, म्हणजे मुळात दुर्मीळ गोष्टीचा, मुद्दा मान्य. पण मग भरपूर डेटावर मोठं मॉडेल ट्रेन करा. एक कोटी अलर्ट रोज येणार म्हणताय, म्हणजे डेटाचा दुष्काळ नक्कीच नाही.

शततारका

डेटाचा नाही, लेबलांचा दुष्काळ आहे. आणि नुसता दुष्काळ असता तरी चाललं असतं, लेबलं एका बाजूला झुकलेली आहेत.

२०१८ मध्ये कॅगल या डेटा सायन्स स्पर्धांच्या साइटवर प्लास्टिक (PLAsTiCC) नावाची स्पर्धा झाली होती, रुबिनच्या तयारीसाठीच. डेटा सिम्युलेशनचा होता, पण मुद्दाम वास्तवासारखा बनवलेला. ट्रेनिंगसाठी ७,८४८ वस्तू, ओळखायच्या होत्या सुमारे ३५ लाख. आणि ते ७,८४८ यादृच्छिक निवडलेले नव्हते. ज्यांचा वर्णपट घेता आला असता असेच होते, म्हणजे जवळचे आणि तेजस्वी. ओळखायच्या बहुतेक वस्तू मात्र दूरच्या आणि अंधुक. शिवाय चाचणीच्या डेटात काही जाती अशा होत्या ज्यांचं ट्रेनिंगमध्ये एकही उदाहरण नव्हतं. त्या सगळ्या 'अनोळखी' या एकाच खान्यात टाकायच्या होत्या.

स्पर्धा जिंकली काइल बून या खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याने, आणि त्याने न्यूरल नेटवर्क वापरलं नव्हतं. ग्रेडियंट बूस्टिंगचे निर्णयवृक्ष होते. त्याची खरी करामत त्याच्या आधीच्या पायरीत होती. विखुरलेल्या बिंदूंवर त्याने गाउसियन प्रोसेस (बिंदूंमधल्या जागा अंदाजाने भरणारी सांख्यिकी पद्धत) बसवली, वेळ आणि तरंगलांबी अशा दोन्ही दिशांनी. त्यामुळे प्रत्येक वस्तूचा एक सलग पृष्ठभाग मिळाला. मग जवळच्या, नीट मोजलेल्या वस्तू उचलून त्या दूर नेल्या तर कशा दिसतील हे काढलं. ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची लांबलेली तरंगलांबी; जास्त म्हणजे दूर) ०.५ ला नेलं तर २० दिवसांचा चढ ३० दिवसांचा होतो, प्रकाश लाल बाजूला सरकतो, तेज घटतं, त्रुटी वाढते, काही बिंदू दिसेनासेच होतात. अशा तयार केलेल्या वस्तू ट्रेनिंगमध्ये घातल्या. म्हणजे नमुना ज्या बाजूला झुकला होता, त्याच्या उलट बाजूला त्याने भौतिकशास्त्र वापरून वजन टाकलं.

मोठं मॉडेल हे आपोआप करणार नाही. त्याला दाखवलेलं आकाश जवळचं असेल तर ते जवळचंच आकाश जास्त आत्मविश्वासाने शिकेल.

चित्रा

हे फार आवडलं. विश्व प्रसरण पावतंय हे शाळेत नुसतं पाठ केलं होतं. इथे त्याचा थेट वापर करून डेटा बनवला!

जुनादुर्बीणवाला

चर्चा वाचतोय. आम्ही डोळ्यांनी आकाश बघणारे. एकच विचारतो: मग यात माणसाचं काम काय उरलं? मे २०२३ मध्ये एम १०१ दीर्घिकेतला अतिनवतारा जपानच्या कोइची इतागाकी यांनी शोधला, हौशी निरीक्षक आहेत ते. अशी माणसं आता लागणारच नाहीत का?

मृगशीर्ष

@जुनादुर्बीणवाला काका, लागणार. एसएन २०२३आयएक्सएफ (तुम्ही म्हणताय तोच अतिनवतारा) हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. शोध इतागाकींचा, आणि शोधाच्या आधीच्या तासांमध्ये तेज कसं वाढत गेलं हे जुळवताना जगभरच्या हौशी निरीक्षकांचे फोटो कामी आले. दोन कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे शेजारीच, इतक्या सुरुवातीपासून कोसळणारा तारा बघायला मिळणं विरळा.

दुसरी बाजूही सांगतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एसएन २०२३टीवायके हा अतिनवतारा सापडला, तो शोधण्यापासून वर्गीकरणापर्यंत एकाही माणसाचा हात न लागता. बीटीएसबॉट नावाच्या मॉडेलने झेडटीएफच्या अलर्टमधून तो निवडला, पालोमारच्याच ६० इंची दुर्बिणीला वर्णपट घ्यायला सांगितलं, वर्णपट आल्यावर एसएनआयएस्कोर या दुसऱ्या मॉडेलने तो Ia असल्याचं ठरवलं आणि निकाल जाहीर झाला.

पण बीटीएसबॉट शिकलं कशावर? सुमारे १६ हजार वस्तूंच्या १४ लाखांहून अधिक जुन्या प्रतिमांवर. त्या वस्तूंना लेबलं लावली ती रोज सकाळी उठून अलर्टची यादी डोळ्यांखालून घालणाऱ्या माणसांनी, वर्षानुवर्षं. हे कंटाळवाणं, कुणाच्या नजरेत न भरणारं काम आहे. मला वाटतं या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे, आणि शोधनिबंधात त्याला एखादं वाक्य मिळतं. माझा मूळ मुद्दा हाच: मॉडेल दर वर्षी नवं येईल, ही लेबलं तशी येणार नाहीत.

गणकयंत्र

ठीक, लेबलांचा मुद्दा पटायला लागलाय. पण एक शंका. वर्णपट नसताना मॉडेलने दिलेल्या जातीवर शास्त्रज्ञ विश्वास कसा ठेवतात? उद्या त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढायचा झाला तर?

शततारका

काढलाय! डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाने २०२४ मध्ये पाच वर्षांच्या डेटाचा निकाल दिला त्यात त्यांचे स्वतःचे १,६३५ अतिनवतारे होते, आणि त्यांची जात मुख्यतः प्रकाशवक्रावरून (तेजाच्या आलेखावरून) मशीन लर्निंगने ठरवलेली होती. १९९८ मध्ये प्रसरणाचा वेग वाढतोय हे दोन गटांनी दाखवलं तेव्हा दोन्हींकडे मिळून दूरचे अतिनवतारे होते काही डझन.

यातली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मॉडेलने 'हा Ia' असा शिक्का मारायचा आणि बाकीचे फेकून द्यायचे, असं केलेलं नाही. प्रत्येकाची Ia असण्याची संभाव्यता शेवटच्या गणितापर्यंत नेली. ०.९८ वाल्याचं वजन जास्त, ०.६ वाल्याचं कमी, आणि भेसळीचंही वेगळं मॉडेल त्याच गणितात. पण मग ०.६ म्हणजे खरंच ०.६ असायला हवं. ज्यांना मॉडेल ०.६ म्हणतं त्यांतले सुमारे साठ टक्के खरोखर Ia निघायला हवेत. बऱ्याच नेटवर्कना उगाच जास्त खात्री असते, ते कॅलिब्रेट करावं लागतं. अचूकतेच्या आकड्यापेक्षा मी हे आधी तपासते.

मृगशीर्ष

+१. एक राहिलं होतं, 'अनोळखी' खान्याचं. जून २०१८ मध्ये ॲटलास सर्वेक्षणाला एटी२०१८काऊ ही घटना सापडली. क्रमाने आलेल्या अक्षरांतून हे नाव पडलं. काही दिवसांत ती शिखरावर गेली, अत्यंत तेजस्वी, अत्यंत निळी, आणि अतिनवताऱ्याच्या मानाने फारच भरभर उतरली. सुरुवातीला आपल्याच आकाशगंगेतला एखादा श्वेतबटू उसळला असावा असाही अंदाज होता. वर्णपटावरून अंतर कळलं, सुमारे २० कोटी प्रकाशवर्षं, आणि सगळं चित्र बदललं. नेमकं काय घडलं यावर अजून एकमत नाही.

आता पंधरा खान्यांचं मॉडेल अशा वस्तूचं काय करेल? पंधरापैकी एका खान्यात टाकेल, कदाचित मोठ्या खात्रीने, कारण संभाव्यतांची बेरीज एक व्हायलाच हवी अशी त्याची रचना आहे. 'मला माहीत नाही' म्हणायची सोय त्यात मुद्दाम करावी लागते. म्हणून वर्गीकरणाच्या शेजारी विक्षिप्त वस्तू हुडकणारं वेगळं यंत्र लागतं. आयसोलेशन फॉरेस्टसारख्या पद्धती गर्दीपासून लांब पडलेल्या वस्तू काढून देतात. पण त्यातही कचराच आधी वर येतो, कारण बिघडलेला फोटो सगळ्यात विक्षिप्त असतो! म्हणून माणसाला विचारत विचारत शिकणाऱ्या पद्धती निघाल्या. मशीन दहा वस्तू दाखवतं, माणूस सांगतो या दोन रंजक, बाकी कचरा, आणि मशीन पुढची यादी सुधारतं. काका, इथे तुमच्यासारख्यांच्या नजरेला पर्याय नाही.

जुनादुर्बीणवाला

हे करायला मी आनंदाने बसेन. कुठे बसायचं तेवढं सांगा.

शततारका

काका, झूनिव्हर्स या लोकसहभागाच्या साइटवर 'किलोनोव्हा सीकर्स' प्रकल्प बघा. गोटो दुर्बिणींच्या ताज्या फोटोंचे तुकडे दाखवतात, खरं की खोटं ते सांगायचं. झेडटीएफचे अलर्ट थेट चाळायचे असतील तर लसैर, फिंक, अलर्चे या ब्रोकरच्या (अलर्ट गोळा करून त्यांची वर्गवारी करणाऱ्यांच्या) साइट सगळ्यांना खुल्या आहेत. अलर्चेवर तर पहिल्याच अलर्टच्या तुकड्यांवरून पाच खाने पाडलेले दिसतात: सक्रिय दीर्घिका, अतिनवतारा, रूपविकारी तारा, लघुग्रह आणि खोटा. मॉडेल काय म्हणतंय ते आधी न बघता स्वतः ठरवा आणि मग पडताळा.

चित्रा

मला पायथन येतं, थोडं सायकिट-लर्नही. सुरुवात कुठून करू?

मृगशीर्ष

@चित्रा, प्लास्टिकचा डेटा अजून कॅगलवर आहे, तो घ्या. आधी नेटवर्कच्या नादी लागू नका. प्रत्येक फिल्टरमधलं कमाल तेज, चढाचा काळ, उताराचा काळ, शिखरावरचा रंग एवढे मोजके गुणधर्म काढून साधं रँडम फॉरेस्ट चालवा. कुठल्या दोन जातींत गल्लत होते ते तक्त्यात बघा. Ia आणि Ib/c ची होईल, आणि का होते ते आलेख काढून पाहिल्यावर कळेल.

शततारका

आणि डेटाची फाळणी करताना सांभाळा. सहसा ट्रेनिंग आणि चाचणी अशी यादृच्छिक विभागणी करतात. झेडटीएफमध्ये एकाच वस्तूचे पुष्कळ अलर्ट असतात. अलर्टनुसार विभागलं तर तीच वस्तू दोन्हीकडे येते आणि निकाल खोटाच चांगला दिसतो. विभागणी वस्तूनुसार करा. ते झालं की आणखी एक प्रयोग: कमी ताम्रसृतीच्या वस्तूंवर शिकवा आणि जास्त ताम्रसृतीच्या वस्तूंवर तपासा.

गणकयंत्र

हा प्रयोग मीही करतो. @चित्रा, तुम्ही रँडम फॉरेस्ट घ्या, मी त्याच विभागणीवर ट्रान्सफॉर्मर लावतो. वस्तूंची यादी दोघांची एकच ठेवू म्हणजे तुलना करता येईल. ताम्रसृतीची सीमा कुठे ठेवायची ते शततारका यांनी सांगावं.

शततारका

०.३ ठेवा. मात्र आधी एक काम करा. आकाशगंगेतल्या वस्तूंची ताम्रसृती त्या डेटात शून्य दिलेली आहे, त्या वगळा. नाहीतर मॉडेल फक्त शून्य आणि शून्येतर ओळखायला शिकेल. निकाल जातीनिहाय द्या दोघांनी, एकच सरासरी आकडा नको. आणि संभाव्यतेचं कॅलिब्रेशन दोन्ही बाजूंचं वेगवेगळं काढा, ०.३ च्या आतलं आणि पलीकडचं.

चित्रा

चालेल. डेटा उतरवायला लावलाय. वस्तूंची यादी तयार झाली की इथेच टाकते.